काकांचा उजवा हात

वर्कशॉपमध्ये तिला सगळे हातवाली म्हणायचे. हे नाव ठेवलं पायवाल्याने, म्हणजे शेजारच्या टेबलावर कृत्रिम पाय बनवणाऱ्या गृहस्थाने, आणि ते असं काही चिकटलं की तिचं खरं नाव विचारलं तर लोक आधी डोकं खाजवत बसायचे. तिची काही तक्रार नव्हती. हात बनवणं हे तिचं काम होतं आणि त्या कामावर तिचा जीव होता.

तक्रार एकच होती. इंजिनिअर मंडळी तिला ‘आमच्या डिझायनरबाई’ म्हणायची आणि डिझायनर मंडळी ‘आमच्या मेकॅनिक’. दोन्हीकडे कौतुक होतं, पण बसायला खुर्ची कुणीच देत नव्हतं. म्हणून एका विद्यापीठाने तंत्रज्ञान आणि डिझाइन या दोन्हींची मिळून पीएचडी काढल्याचं कळलं, तेव्हा आपल्यालाच कुणीतरी हाक मारतंय असं तिला वाटलं. तिने अर्ज भरला, संशोधनाचा आराखडा चारदा फाडून पाचव्यांदा लिहिला, आणि एक दिवस मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत एक अट होती. उमेदवाराने स्वतः घडवलेली, बराच काळ प्रत्यक्ष वापरात राहिलेली एक वस्तू आणावी, आणि ती नव्या माणसाच्या अंगवळणी कशी पडते ते समितीसमोर करून दाखवावं.

अशी वस्तू तिच्याकडे एकच होती. खरं तर तिच्याकडे नव्हतीच. ती बाइंडरकाकांच्या घरी होती.

बाइंडरकाका पुस्तकं बांधायचे. कागद कापायच्या मशीनने त्यांचा उजवा पंजा गेला, आणि हातवालीने अगदी सुरुवातीला, कुणाच्या नमुन्यावरून नाही तर स्वतःच्या डोक्याने घडवलेला पहिला हात त्यांना बसला. पुढे तिने केलेले सगळे हात ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या साच्याचे. हा मात्र शिकणारा हात होता. दंडाखालच्या स्नायूंवर एक पट्टा बांधायचा, स्नायू आवळले की पट्ट्याला कळायचं आणि बोटं हलायची. माणूस जसजसा वापरेल तसतसा हात त्याच्या सवयी उचलायचा, आणि काही काळाने अर्ध्या इशाऱ्यावर पुढची हालचाल आपणच पुरी करायचा. काकांनी तो वर्षानुवर्षं वापरला, त्या हाताने शेकडो पुस्तकं बांधली. मग गेल्या हिवाळ्यात काका गेले, आणि हात मागे राहिला.

“म्हणजे तू जाऊन काय म्हणणार?” दादाने, तिच्या थोरल्या भावाने, विचारलं. “काकू, काकांचा हात द्या?”

“उसना द्या म्हणेन.”

“वा! लोक साखर उसनी मागतात.” तो हसला, पण तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरतं घेतलं. “फोन करून जा गं बाई. एकदम दारात उभी राहू नकोस.”

तिने फोन केला. काकू म्हणाल्या, “ये की. दुपारी ये. दुपारी मी मोकळी असते.”

काकांच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचा कारखाना. लोखंडी दाबयंत्र, कापडाचे रोल, सुताची रिळं, सगळं जागच्या जागी होतं. खळीचा आंबूस वास भिंतीत मुरला होता. काकूंनी चहा ठेवला आणि बोलता बोलता अगदी सहज, जसा कुणी चष्मा काढून आणावा तसा, आतून हात घेऊन आल्या. तो त्याच्या लाकडी स्टँडवर बसवलेला होता. पट्टा स्वच्छ पुसलेला. बॅटरीचा हिरवा दिवा लागलेला.

“तुम्ही चार्ज करून ठेवता?” हातवालीने विचारलं.

“रोज. तूच सांगितलं होतंस ना, पडून राहिली की बॅटरी मरते म्हणून?”

सांगितलं होतं खरं. पण काकांना.

काकूंनी बाही वर केली, पट्टा स्वतःच्या हाताला बांधला आणि डावा तळवा स्टँडवरच्या बोटांमध्ये सरकवला. मोटार बारीक आवाजात घरघरली. बोटं मिटली. मग अंगठा काकूंच्या बोटांच्या पेरांवरून हळूच दाबत पुढे सरकला आणि मनगट जरासं बाहेर वळलं. ती हालचाल हातवालीच्या ओळखीची होती. कागदाची घडी घातली की काका तिच्यावरून अंगठा असाच फिरवायचे.

“आता मला वेडी म्हणू नकोस हं,” काकू म्हणाल्या. “माझाच दंड आवळतो आणि माझाच हात धरला जातो, हे कळतं मला. पण धरायची पद्धत माझी नाही ना.”

हातवालीने चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठाला लावला. मग एका दमात तिने विद्यापीठ, मुलाखत आणि अट सांगून टाकली. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. नव्या माणसाच्या सवयी शिकायच्या म्हणजे हाताला आधीच्या माणसाचं सगळं विसरावं लागणार होतं. आतली चिप जुनी होती. तिच्यात साठलेलं बाहेर काढून दुसरीकडे ठेवायची सोय त्या वेळी कुणी केली नव्हती, तिनेही नाही. एक तर ठेवायचं, नाही तर पुसायचं.

काकू बराच वेळ हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पट्टा सोडला, खुंटीवरचा काकांचा कामाचा एप्रन काढला आणि हात त्यात गुंडाळला. तान्ह्या पोराला गुंडाळतात तसा.

“घेऊन जा. त्यांना आवडलं असतं. त्यांना फार अभिमान तुझा. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, आमच्या पोरीने केलाय म्हणून.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “परत आणशील ना?”

“आणेन की,” ती म्हणाली.

हात परत आणायचं तिने कबूल केलं होतं. कसा, ते काकूंनी विचारलं नव्हतं. जिना उतरताना तिने स्वतःची अशी समजूत घातली, आणि खालच्या पायरीपर्यंत ती समजूत टिकली नाही.

वर्कशॉपमध्ये पायवाल्याने हात उलटसुलट करून बघितला आणि एका वाक्यात निकाल दिला. “पुसून टाक. भाडेकरू गेला की आपण भिंतीला रंग काढतोच ना?”

“पण काकू...”

“त्यांना कुठे कळणारंय? बोटं हलली म्हणजे झालं.”

तिला ते पटलं. निदान पटल्यासारखं झालं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिने हात कॉम्प्युटरला जोडला, पट्टा स्वतःच्या उजव्या हाताला बांधला आणि पुसायच्या आधी एकदा चालवून बघावा म्हणून मूठ आवळली. स्टँडवरची मूठ आवळली गेली. तिने सोडली. ती सुटली नाही. अंगठा तर्जनीवर दाबून पुढे सरकला, मनगट बाहेर वळलं, आणि मगच बोटं उघडली. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिने नुसतं उचलायचं मनात आणलं तरी हात आधी एक घडी घालायचा, जिथे घडी नव्हतीच तिथे.

यात भुताखेताचं काही नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. तिनेच तर तो तसा बनवला होता. आवळण्याच्या इशाऱ्यामागून दर वेळी घडीच येते, हे हात शिकला होता. आता इशारा कुणाचाही असो. तिने मनातल्या मनात हे सगळं एखाद्या विद्यार्थ्याला समजावून सांगावं तसं सांगितलं, आणि पुसायच्या बटणाकडे डावा हात नेला.

त्याच क्षणी तिची बाही ओढली गेली.

स्टँड कीबोर्डला अगदी लागून होता. तिच्या दंडात ताण आला असणार, बोटं मिटली असणार, आणि त्यांच्यात तिच्या स्वेटरची बाही सापडली असणार. असणार, असणार. हातवाली जागच्या जागी खिळली. अंगठा बाहीला पडलेल्या चुणीवरून सावकाश फिरला. चुणी बसली. मग बोटं उघडली आणि हात पहिल्यासारखा स्तब्ध झाला.

तिने पट्टा काढला, तारा काढल्या आणि बॅटरीसुद्धा काढून खिशात टाकली. पायवाला जेवून परत आला तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती.

“झालं पुसून?”

“नाही.”

“का?”

“बाही अडकली,” ती म्हणाली. हे उत्तर पायवाल्याला कळलं नाही, आणि तिने ते समजावूनही सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. हात घरी आणून तिने कपाटात ठेवला. बॅटरी बाहेर, हात आत, तरी खोलीत शिरलं की तिचे कान आधी कपाटाकडे जायचे. फ्रिज घुरघुरला तरी ती दचकायची. एकदा दादाने दाढीचं मशीन सुरू केलं आणि ती भर सकाळी हातातला चमचा टाकून धावत आली. दादाने अर्धी दाढी केलेल्या तोंडाने तिच्याकडे बघितलं.

“हे बघ, तो हात तरी परत देऊन ये, नाही तर मला दाढी तरी वाढवू दे,” तो म्हणाला. मग मशीन बंद करून जरा हळू आवाजात त्याने विचारलं, “भीती कशाची वाटते तुला नेमकी? तो आपणहून हलेल याची?”

“नाही,” ती म्हणाली. “मी हलवला तरी तो त्यांचाच हलेल, याची.”

दादाने तिचा पडलेला चमचा उचलून धुवून ठेवला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने पुसायचं बटण आणखी एकदा स्क्रीनवर आणलं आणि बंद केलं. जे होईल ते होईल. हात आहे तसाच न्यायचा.

मुलाखतीच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि त्यामागे समिती. बोलत होते मुख्यतः दोघंच. एक चष्मेवाले प्राध्यापक, तंत्रज्ञानाच्या बाजूचे, आणि एक केस बारीक कापलेल्या बाई, डिझाइनच्या बाजूच्या. तिने आराखडा मांडला, प्रश्नांना उत्तरं दिली. जमत होतं. चष्मेवाले दोनदा मान डोलवत ‘छान’ म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चला, आता हात दाखवा.”

तिने बॅटरी बसवली, पट्टा बांधला. स्टँडवरच्या बोटांसमोर पाण्याचा ग्लास ठेवला. ग्लास धरायचा आणि सोडायचा, एवढंच करायचं होतं. लहान पोरही करील. तिने मूठ आवळली. बोटं ग्लासापाशी गेली, ग्लासाला टेकली, आणि अंगठा काचेवरून दाबत पुढे निघाला. मनगट वळलं. ग्लास आडवा झाला आणि पाणी टेबलभर पसरलं.

सगळे कागद उचलायला धावले. बाईंच्या पुढ्यातला एक कागद ओला होऊन दुमडला आणि हाताच्या खाली आला. हातवालीचा दंड अजून आवळलेलाच होता. हाताने तो कागद धरला. समिती बघत राहिली. हाताने घडीवरून अंगठा फिरवला, अगदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओला कागद जराही न फाटता. मग सोडून दिला.

“हे तुम्ही केलंत?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग बिघाड आहे हा.”

“बिघाड नाही, सर. हात बरोबर चालतोय. फक्त माझ्यासाठी नाही.”

बाईंनी तो कागद उचलून उजेडात धरला. “कुणाची लकब आहे ही?” त्यांनी विचारलं.

आणि मग तिने सगळं सांगितलं. दाबयंत्र, खळीचा वास, दुपारच्या वेळी पट्टा बांधून बसलेल्या काकू, आणि आपण त्यांना काय सांगितलं नाही तेसुद्धा. आराखड्यात यातलं एक अक्षर नव्हतं. शेवटी ती म्हणाली, “वस्तू माणसाकडून शिकते, हे मी करून दाखवलं. माणूस गेल्यावर त्या शिकलेल्याचं काय करायचं, ते मला माहीत नाही. कुणाला विचारायचं, तेही माहीत नाही.”

चष्मेवाले रुमालाने टेबल पुसत होते.

निकाल आला तो नकाराचा. अट नव्या माणसाची होती, ती पुरी झाली नव्हती. नियम म्हणजे नियम. त्याखाली बारीक केसांच्या बाईंनी स्वतःच्या दोन ओळी जोडल्या होत्या. तुमचा खरा विषय तुम्ही अर्जात लिहिलाच नाहीत. पुढच्या वर्षी तो घेऊन या.

दादाने ते वाचलं आणि म्हणाला, “म्हणजे नाही पण नाही आणि हो पण नाही. विद्यापीठं अशीच बोलतात का?”

तिला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. दुसऱ्या दिवशी हात एप्रनमध्ये गुंडाळून ती काकूंकडे निघाली. वाटेत तिला राहून राहून एकच गोष्ट बरी वाटत होती. जागा गेली ती गेली, पण काकूंचं होतं तसं परत नेऊन देता येतंय.

काकूंनी दार उघडलं. त्या जरा वेगळ्या दिसत होत्या. पुढच्या खोलीतले कापडाचे रोल हलवले होते आणि खिडकीपाशी एक खुर्ची आली होती.

“मिळाली का जागा?”

“नाही, काकू.”

“अगं बाई! हाताने घात केला का?”

“माझाच अर्ज कच्चा होता.” तिने एप्रन सोडला. “पण हा बघा, जसाच्या तसा आणलाय. काहीसुद्धा पुसलेलं नाही.” आणि न सांगितलेली गोष्ट तिने आता सांगून टाकली. पुसायचं ठरवलं होतं, बटणापर्यंत गेले होते, जमलं नाही.

काकू ऐकत होत्या. त्यांनी हाताला हात लावला नाही. मग त्या नव्या खुर्चीत बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. हातवाली घाबरली.

“काकू, मी आणलाय ना परत...”

“तेच तर,” काकू म्हणाल्या. “तेच तर गं.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “तो नेलास ना, त्या दिवशी मी दुपारची झोपले. किती दिवसांनी झोपले असेन! मग दुसऱ्या दिवशी पण. आधी रोज दुपार झाली की वाटायचं, वाट बघत असेल. नाही धरला तर रागावेल. एक दिवस बहिणीकडे राहिले तर जीव नुसता वरखाली. ते होते तेव्हासुद्धा इतकी बांधलेली नव्हते मी. आणि बंद करायचा म्हटलं तर माझ्याने होईना. आपल्याच हाताने कसं करायचं ते?”

हातवाली खाली बसली. फरशी गार होती.

“म्हटलं, पोरगी नेतीये, तिच्याकडून काहीतरी होईल,” काकू म्हणाल्या. “विसरेल, बिघडवेल. परत आणशील ना, असं विचारलं मी. पण तू नाही म्हणाली असतीस तर बरं, असं पण वाटलं.”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी मोठ्याने हाक मारत होतं.

“पुसतेस का?” काकूंनी विचारलं. “इथेच. पण मी घरात नको. मी खाली जाऊन दूध घेऊन येते.”

पायऱ्यांवरची त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर हातवालीने लॅपटॉप उघडला. हात काकांच्या टेबलावर ठेवला, दाबयंत्राच्या शेजारी. पट्टा बांधावा की न बांधावा, यावर ती घुटमळली. मग बांधला. कुणीतरी धरलेलं असावं, असं तिला वाटलं. तिने डावा तळवा बोटांमध्ये ठेवला, मूठ आवळली, आणि अंगठा तिच्या पेरांवरून फिरला. मनगट वळलं. तिने पुन्हा आवळली. पुन्हा फिरला. किती वेळा ते तिने मोजलं नाही.

मग तिने बटण दाबलं.

तिला वाटलं होतं एक झटका बसेल. तसं काही झालं नाही. मोटार बारीक घरघरत राहिली आणि बोटं एकेक करून, करंगळीपासून, सरळ होत गेली. शेवटी अंगठा बाजूला झाला. पंजा पूर्ण उघडा, वर वळलेला, त्यात तिचा तळवा नुसता ठेवलेला. तिने मूठ आवळून बघितली. काहीच झालं नाही. तिच्या स्नायूंची भाषा आता त्याला येत नव्हती, कुणाचीच येत नव्हती.

काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती. त्या दारातच थांबल्या.

“शेवटी काय केलं त्याने?”

“उघडला,” ती म्हणाली. “सगळा उघडला.”

काकूंनी मान हलवली. “दवाखान्यात त्यांच्या डाव्या हाताची मूठ घट्ट मिटून गेली होती,” त्या म्हणाल्या. “मी खूप प्रयत्न केला. नर्सने केला. शेवटपर्यंत सुटली नाही.” त्या आत गेल्या आणि दूध तापवायला ठेवल्याचा आवाज आला. आतूनच त्या म्हणाल्या, “आता तो तू ठेव. पुढच्या वर्षी लागेल तुला.”

एप्रन त्यांनी ठेवून घेतला. हातवालीने हात आपल्या पिशवीत ठेवला आणि बस पकडली. गाडी बरीचशी रिकामी होती. खिडकीशी बसून पिशवी तिने शेजारच्या सीटवर ठेवली आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाचं पहिलं वाक्य जुळवायला लागली. ते जुळेना. काही थांब्यांनंतर गर्दी वाढली आणि एक म्हातारे गृहस्थ तिच्यापाशी येऊन वाकले.

“इथे कुणी बसलंय का?”

तिने पिशवीकडे बघितलं. उत्तर सोपं होतं, तरी तिला वेळ लागला. गृहस्थ वरचा दांडा धरून वाट बघत राहिले.

“नाही,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली.